कॅसेट क्रमांक ४७ : प्रकल्प नोंदी

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मागच्या खोलीत बोलावलं. कपाटावर पत्र्याची पेटी होती. म्हणाले, "अण्णा, ही तुमचीच ना? रंगकाम काढायचंय. कुठं ठेवायची सांगा." झाकणावर पांढऱ्या रंगात माझंच अक्षर : ध्वनिमुद्रण, १९८४ पासून.

चर्चच्या मंडळीने वर्गणी काढून टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. रेडिओ दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं, म्हणून मशीन माझ्याकडं आलं. उपदेश, साक्षी (म्हणजे लोकांनी मंडळीसमोर उभं राहून सांगितलेले स्वतःचे अनुभव), ना. वा. टिळकांची भजनं, लग्नं, सहभागिता सभा, जे होईल ते मी टेप करत गेलो. शेवटची कॅसेट २००३ ची आहे.

पेटी घरी आणली. सगळ्या कॅसेट संगणकात उतरवायच्या, ईस्टरच्या आत. यंदा ईस्टर २० एप्रिलला आहे. खर्च माझा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मोजणी झाली. एकूण ११३. त्यात साठ मिनिटांच्या ८४, नव्वदच्या २७, दोनांवर काहीच लिहिलेलं नाही. चौदा कॅसेटमधली फेल्टची छोटी गादी गळून पडली आहे. ती नसली की टेप हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट चिकटत नाही आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. नऊंना बुरशी.

बरोबर निळ्या पुठ्ठ्याची लांब वहीही निघाली. रकाने : क्रमांक, तारीख, कोण बोललं, विषय, शेरा. ती तशीच्या तशी संगणकात भरली. क्रमांक ४७ ची ओळ अशी आहे : १७ ऑक्टोबर १९९३, जॉबर काका, साक्ष. शेरा : बुरशी. रद्द.

शेरा होता तसाच उतरवला.

१ मार्च, शनिवार

कॅसेट वाजवायचा जुना डेक उघडला. बेल्टचं काळं डांबर झालं होतं, बोटांना चिकटलं ते दोन दिवस निघालं नाही. नवा बेल्ट बसवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि टेप ओढणारा पिंच रोलर पुसला. कापसाला तपकिरी भुगा लागला. तो भुगा म्हणजे टेपवरचं लोहऑक्साइड, म्हणजे कुणाचा तरी आवाजच. हे काम आयुष्यभर केलं, पण कापसाकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

पद्धत ठरली. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवायची, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मग हेडचा तिरकेपणा बारीक स्क्रूने कानानं जुळवायचा. वरचे सूर, "स" आणि "श" मोकळे ऐकू आले की थांबायचं. संगणकात उतरवायचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तीस मिनिटांची एक बाजू ५०० एमबीच्या वर जाते. तीन प्रती, त्यातली एक चर्चमध्ये.

यात घाई चालत नाही. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, १९६३ साली निघाली तेव्हाही तेवढीच सरकायची. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि समोर बसून ऐकावंच लागतं. आज १ ते ४ झाल्या. चौथीवर माझ्या वडिलांचा खोकला आहे. पहिल्या बाकावर बसायचे ते.

५ मार्च, बुधवार

लेंत, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, सुरू झाला. आमच्याकडे कपाळाला राख लावत नाहीत, संध्याकाळी प्रार्थना होते. योएल संदेष्ट्याचा दुसरा अध्याय वाचला : कपडे फाडू नका, अंतःकरण फाडा आणि परमेश्वराकडे वळा.

पाळकसाहेबांनी "वळा" या शब्दावरच थांबवलं. हिब्रू शब्द शूव. अर्थ साधा आहे : मागं फिरणं, आलेल्या वाटेनं परत जाणं. नव्या करारात ग्रीक शब्द येतो मेटानोइया, मन पालटणं. मराठीत आपण दोन्हींना पश्चात्ताप म्हणतो. त्यात "पश्चात्" आहे आणि "ताप" आहे. मागाहून होणारा ताप. ते म्हणाले, "आपण ताप धरून बसतो, वळणं राहून जातं."

घरी आल्यावर आजीचं शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं. केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये हाती आलं. आजी सांगायची, की पुण्याला जाताना गाडी केडगावला थांबली की ती खिडकीतून हात जोडायची. त्या पुस्तकात बोट ठेवून बसलो, वाचलं काहीच नाही. डोळ्यांसमोर निळ्या वहीतली ती ओळ.

९ मार्च, रविवार

तरुण संघाची उपासना होती. एक चुणचुणीत मुलगा बोलला, की पश्चात्ताप म्हणजे डिलीटचं बटण, आपण दाबतो आणि देव सगळं साफ करतो. मुलांना आवडलं. क्षमा किती पूर्ण असते हे त्याला सांगायचं होतं आणि ते खरंच आहे.

पण मी हार्ड डिस्क उघडलेला माणूस आहे. फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा फक्त यादीतलं तिचं नाव जातं. मजकूर तिथंच पडून असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. मी १९९८ साली वहीत जे केलं ते डिलीटच होतं. नाव काढलं. देवानं तसं काही केलेलं नाही.

नंतर त्या मुलाला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "लूक एकोणीस वाच. तो जकातदार जक्कय, लोकांना लुबाडणारा, झाडावरून उतरल्यावर काय करतो बघ." तो म्हणाला, "चौपट परत देतो, अण्णा." त्याला माहीत होतं. आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं.

१३ मार्च, गुरुवार

बाहेर होळी पेटली आहे, पोरांची बोंबाबोंब चालू आहे. आज हे लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा एक आठवडा जाईल.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरात भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या, आम्ही सगळे पोराबाळांसह रस्त्यावर आलो. पुढचे कित्येक दिवस लोक घरात झोपायला तयार नव्हते. चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली सतरंज्या टाकून प्रार्थना व्हायच्या. १७ ऑक्टोबरच्या रविवारी तिथं जॉबर काका साक्ष द्यायला उभे राहिले.

ते पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की जॉबरने उभा करायचा, नवं डिझाईन लावायचं तर जेकार्डचे पत्ते, म्हणजे नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे, जॉबरने चढवायचे. बोलणं कमी. त्या दिवशी सव्वीस मिनिटं बोलले. मला आठवतंय ते असं :

१९७९ साली त्यांनी कारखान्यातून सुताचे बारा कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली शंकूच्या आकाराची रिळं, बाहेर काढून विकले होते. चोरीचं नाव गेलं एका हेल्पर पोरावर. काका गप्प राहिले. पोराला मारलं, काढून टाकलं, शहरात कुणी कामाला ठेवेना, म्हणून तो भिवंडीला गेला. नऊ वर्षांनी, १९८८ मध्ये, जक्कयावरचा उपदेश ऐकून काका रेल्वेनं भिवंडीला गेले. कारखान्या-कारखान्यात विचारत तीन दिवस फिरले. तो सापडला. त्यानं दार लावून घेतलं. काका रात्रभर दाराबाहेर बसले. सकाळी बारा कोनांच्या चौपट पैसे त्याच्या हातात दिले, सोलापूरला आले आणि मालकासमोर, सगळ्या कामगारांसमोर, खरं सांगितलं. त्यांचं जॉबरपण गेलं. पुढं साध्या मागावर राहिले.

आणि हे त्यांचं बोलणं मला जवळजवळ शब्दाशब्दानं आठवतं. कापडात चूक दिसली की नुसती कात्री लावून चालत नाही. माग थांबवायचा, उलटा फिरवायचा, एकेक आडवा धागा काढायचा. आणि जितके धागे काढले तितकेच जेकार्डचे पत्ते मागं घ्यायचे. एका पत्त्याला एक आडवा धागा, हा हिशेब असतो. धागे काढले पण पत्ते मागं घेतले नाहीत तर चूक जाते आणि नक्षी तुटते. "मी नऊ वर्षांचे पत्ते मागं घेतले," असं ते म्हणाले.

मी ती बाजू जपली होती. कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा टॅब स्वतः तोडला होता, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं काही टेप होऊ नये.

१९९५ च्या मे महिन्यात एका लग्नात गाणी टेप करायचं काम आलं. दीडशे रुपये. रविवार, दुकानं बंद, कोरी कॅसेट संपलेली. मी पेटीत हात घातला. ४७ आली. टॅब तुटलेला दिसला. त्या भोकावर चिकटपट्टी लावली.

ठेवली असती परत, दुसरी घेतली असती. पण तीही कुणाची तरी असती. आणि चिकटपट्टी चुकून लागत नाही.

१९९८ मध्ये काका गेले. महिन्याभरानं त्यांची मुलगी दुकानात आली. कडेवर मूल. म्हणाली, "भाऊ, बाबांच्या साक्षीची टेप उतरवून द्या." दहाची नोट पुढं केली. मी म्हणालो, बुरशी लागली, गेली. दहा रुपये परत केले आणि ते करताना मला आपण प्रामाणिक वाटलो. रात्री वहीत शेरा लिहिला.

१५ मार्च, शनिवार

आज ४७ हातात घेतली. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, कडा सुटल्या आहेत, पण आहे. बुरशीचा ठिपका नाही. लखलखीत कॅसेट.

मनात एक आशा होती, ती लिहितो. गाणी एकवीस मिनिटांचीच आहेत. साक्ष सव्वीस मिनिटांची होती. म्हणजे शेवटची पाच मिनिटं टेपवर असायला हवीत.

लावली. सनई, बँड, बायकांचा गलका, मग कट्. त्यानंतर सुंऽऽ. पुढेही सुंऽऽ, थेट शेवटपर्यंत. तेव्हा आठवलं. गिऱ्हाइकाची टेप असली की मी माईक बंद करून रेकॉर्डचं बटण बाजू संपेपर्यंत दाबूनच ठेवायचो, मागचं जुनं काही ऐकू येऊ नये म्हणून. टेप आधी इरेज हेडवरून जाते, मग रेकॉर्ड हेडवर. नवं काही लिहायचं नसलं तरी जुनं पुसलं जातंच. कामातली माझी ती चोख सवय होती.

तरी उरलेला भाग तीस डेसिबलनं वाढवून हेडफोन लावून ऐकला. दोनदा. पंख्याच्या घरघरीसारखा आवाज आहे. माणूस नाही.

२० मार्च, गुरुवार

ऊन तापायला लागलं. दुपारी दोन तास वीज नव्हती. २८ ते ३१ झाल्या. ३० वर पाऊस आहे, पत्र्यावरचा, उपदेशापेक्षा मोठा.

टेप चालू असताना बसून राहावं लागतं, मग दुकान आठवतं. मी आलो तेव्हा व्हॉल्व्हचे रेडिओ होते. बटण फिरवलं की काच तांबूस व्हायची, थोडा वेळ थांबलं की आवाज यायचा. मग ट्रान्झिस्टर. मग कॅसेट. त्या इतक्या स्वस्त झाल्या, की भाजीच्या गाड्यावर मिळायच्या. रविवार सकाळच्या मालिकांसाठी शनिवारी रात्री टीव्हीवाल्यांची रांग. सीडी आली तेव्हा मी कॅसेटचे डेक किलोनं विकले, एवढा एकच ठेवला. नंतर मोबाइलमध्ये गाणी भरून देणं. मग तेही संपलं, कारण गाणी लोकांकडे आपोआप येऊ लागली. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, मी फोन तिपाईवर लावून रिकाम्या बाकांसमोरचा उपदेश घरोघर पोचवला. पेटीत त्यातलं काही नाही.

प्रत्येक वेळी वाटायचं, की आता नवीन यंत्र आलं, मागचं संपलं. मागचं यंत्र खरंच संपायचं. बाकी काही संपत नव्हतं. त्या चिकटपट्टीला तीस वर्षं होत आली.

२३ मार्च, रविवार

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग यहूदाची गोष्ट काढली, मला वाटलं तशी नाही. म्हणाले, येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही वाईट वाटलं होतं. त्यानं तीस रुपये परत नेले, "मी पाप केलं" असं तोंडानं कबूलही केलं. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याच्यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, मेटानोइया नाही. तो याजकांकडे गेला. ज्याला धरून दिलं त्याच्याकडे गेला नाही. पेत्रानंही येशूला ओळखत नाही म्हटलं होतं, पण तो रडला आणि पुढं किनाऱ्यावर त्याच येशूसमोर आला.

मी विचारलं, "साहेब, मी तुम्हाला सांगितलं ते कुणासारखं झालं?"

ते म्हणाले, "अण्णा, मला सांगून तुमचं ओझं हलकं होईल. टेप माझी नव्हती."

मत्तयाच्याच पाचव्या अध्यायातलं वचन घरी येताना आठवलं : वेदीपाशी दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी जा. ही ११३ कॅसेटची पेटी म्हणजे मी वेदीवर आणलेलं दान होतं. काम आजपासून थांबवलं.

२९ मार्च, शनिवार

कुंभारीला गेलो. मुलीचा पत्ता मंडळीतल्या बायकांकडून मिळाला. अक्कलकोट रोडनं रिक्षा, उद्या पाडवा म्हणून रस्त्यात साखरेच्या गाठींच्या माळा टांगलेल्या. विडी कामगार बायकांसाठी २००६ साली झालेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत. एकासारखी एक घरं, गल्ल्या मोजत गेलो.

दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. वय एक्कावन्न. मी नाव सांगितल्यावर ओळखलं. "या की अण्णा, बसा की. चहा ठेवते."

मी म्हणालो, "चहा नंतर, ताई. आधी ऐका." आणि कॅसेट तिच्या सुपात तंबाखूशेजारी ठेवली. चिकटपट्टी दाखवली. सांगितलं.

तिचे हात थांबले नव्हते, मग थांबले. बराच वेळ पट्टीवर नख फिरवत राहिली.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती. भिवंडीला नेलेले पैसे तिच्या शिक्षणासाठी जमवलेले होते. ती नववीत होती. काकांचं जॉबरपण गेलं, पगार निम्म्यावर आला, तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर विड्या वळायला बसली. आई सहा महिने काकांशी बोलली नाही. ती म्हणाली, "बाबा माझ्यापाशी त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. साक्ष दिली तेव्हा मी सासरी, अक्कलकोटला. नंतर एका बाईनं सांगितलं, की तुझे बाबा शेवटी तुझ्याविषयी काहीतरी बोलले, रडले. काय बोलले ते तिला सांगता येईना. म्हणून टेप पाहिजे होती मला."

मी काय बोलणार? शेवटी काका रडले, हे मला आठवतं. शब्द आठवत नाहीत. बाजू संपत आली होती, माझे डोळे टेप किती फिरली ते दाखवणाऱ्या काउंटरवर होते. कॅसेट पालटायची की पुरेल, हे बघत होतो मी.

हे तिला तसंच सांगितलं.

ती म्हणाली, "मी आले होते तेव्हा पाचच वर्षं झाली होती, अण्णा. तेव्हा तुम्हाला सगळं आठवत असणार. आईही होती. आता आई नाही."

चहा झाला. क्षमा केली, असं ती म्हणाली नाही आणि मी मागून घेतली नाही. उठताना तिनं विचारलं, "दुसरं कोण होतं त्या दिवशी?"

२ एप्रिल, बुधवार

त्या दिवशी कडुलिंबाखाली असलेल्यांची यादी केली. वहीतल्या तारखा, मंडळीचं रजिस्टर, लग्नाचे फोटो, यांवरून एकेचाळीस नावं निघाली. हयात आणि सोलापुरात असे सात. फोन केले, चौघांकडे स्वतः गेलो. प्रत्येकाला आधी टेपचं सांगितलं, मग विचारलं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. चौथ्यांदा अडखळली नाही, तेव्हा जास्त भीती वाटली.

भूकंपाच्या रात्रीचं सगळ्यांना आठवतं. भिवंडीचं तिघांना. शेवटचं दोघांनाच.

६ एप्रिल, रविवार

मिशन कंपाउंडमधल्या आजी, वय अठ्ठ्याऐंशी. म्हणाल्या, काका म्हणाले होते, "पोरी, तुझी पाटी मी त्याच्या दारात ठेवून आलो." आजींनी ते वाक्य दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा एकसारखं.

निवृत्त गुरुजी, वय ऐंशी. म्हणाले, काका मुलीचं नाव घेऊन थांबले. पुढं बोलताच आलं नाही. हात जोडून उभे राहिले, मग कुणीतरी भजन सुरू केलं.

दोघंही खात्रीनं सांगतात. मला कुणालाच खोटं ठरवता येत नाही. ठरवायला जे होतं ते मी पुसलं.

१२ एप्रिल, शनिवार

उद्या झावळ्यांचा रविवार. संध्याकाळी साडेपाचला चर्चच्या आवारात जमलो. ती नातवाला घेऊन आली. आजींना खुर्चीवर बसवून आणलं, गुरुजी, पाळकसाहेब आणि तिनं स्वतः बोलावलेल्या दोन शेजारणी. कडुलिंब तोच आहे, बुंधा दुप्पट झाला आहे. तिनं विचारलं, बाबा कुठं उभे होते? मी जागा दाखवली. ती तिथं बसली.

रेकॉर्डर तिच्या पायाशी ठेवला. काउंटर असा काही नाहीच त्यावर, आकडे आपोआप पळतात. मी त्याच्याकडे पाठ केली.

आधी चिकटपट्टी, दीडशे रुपये, बुरशी. मग काकांची साक्ष, मला आठवते तेवढी, बारा कोनांपासून पत्त्यांपर्यंत. शेवटी आलो तिथं थांबलो आणि म्हणालो, की यापुढचं मी ऐकलं नाही. मग आजी बोलल्या. मग गुरुजी.

ती दोघांकडे बघत होती. गुरुजींचं झाल्यावर पदरानं डोळे पुसले आणि हसली. "दोन्ही ठेवा. बाबा घरीही असंच करायचे. एक वाक्य बोलायचे आणि गप्प."

नंतर तिनं स्वतःही सांगितलं, रेकॉर्डर चालू असतानाच. बाबांच्या अंत्ययात्रेला भिवंडीहून एक माणूस आला होता. कुणी ओळखलं नाही. आईनं ओळखलं, आणि त्याला खांदा द्यायला पुढं बोलावलं. आई तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाशी बोलली.

नातू मध्येच कुत्र्यामागं धावला.

१९ एप्रिल, शनिवार

काल उत्तम शुक्रवार. बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार. आज दिवसभर काम केलं. ८२ कॅसेट झाल्या, ३१ उरल्या. ईस्टरच्या आत पुरं होणार नाही, मधले आठवडे कुंभारीला आणि माणसं शोधण्यात गेले. पाळकसाहेबांना कळवलं. रंगकाम त्यांनी पुढं ढकललं आहे.

वहीत आणि संगणकात ४७ ची ओळ बदलली. जुना शेरा खोडला नाही, एक रेघ मारून वाचता येईल असा ठेवला. खाली लिहिलं : बुरशी नव्हती. या साक्षीवर मी १९९५ साली दुसरं टेप केलं आणि १९९८ साली कुटुंबाला खोटं सांगितलं. ४७-अ : कडुलिंबाखाली, १२ एप्रिल २०२५, चौघांचं कथन, ३८ मिनिटं. खाली सही.

कॅसेट तिला द्यायला निघालो होतो. तिनं घेतली नाही. पेटीत त्याच जागी ठेवा म्हणाली, पट्टी काढू नका.

फाइल तिच्या नातवाच्या फोनवर सकाळी पाठवली. रात्री नऊला तिचा फोन आला. मला वाटलं, काही चुकलं. म्हणाली, "अण्णा, मध्ये कुत्रं भुंकतंय आणि पोरगं ओरडतंय, ते साफ करून टाकाल. करू नका."

केलं नाही. सोमवारी ८३.